जठर-मार्गिका

जठर-मार्गिका : पारंपरिक चिनी वैद्यकातील सूचिचिकित्सेच्या (ॲक्युपंक्चरच्या) बारा प्रमुख मार्गिकांपैकी एक. या वैद्यकानुसार ‘छी’ ही प्राणशक्ती मार्गिकांतून वाहते व तिच्या प्रवाहातील अडथळा ठरावीक बिंदूंवर सुई टोचून दूर होतो. ही मार्गिका डोळ्याखाली सुरू होऊन चेहरा, छाती, नाभीची बाजू व नडगी यांवरून पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत जाते. शरीराच्या प्रत्येक बाजूस तिच्यावर ४५ बिंदू मानले जातात.

बिंदूंची अंतरे रोग्याच्याच बोटांनी मोजतात : अंगठ्याची रुंदी म्हणजे एक ‘त्सुन’ व चार बोटांची रुंदी म्हणजे तीन त्सुन. ३६ वा बिंदू ‘त्सू-सान-ली’ हा गुडघ्याच्या वाटीखालील बाहेरच्या खळगीपासून तीन त्सुन खाली असतो. अपचन व अशक्तपणा यांवर तो वापरतात. तेथे दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा शेक देण्याचीही प्रथा आहे. १७ वा बिंदू स्तनाग्रावर असून तेथे सुई टोचणे निषिद्ध आहे.

इतिहास : चीनमधील मावांगत्वेई येथील इ. स. पू. १६८ मधील थडग्यात १९७३ साली सापडलेल्या हस्तलिखितांत अकरा मार्गिकांचे वर्णन आहे; बिंदू मात्र नाहीत. यावरून मार्गिकांची कल्पना आधीची व बिंदूंची रचना नंतरची असावी, असे दिसते. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने बिंदूंची पद्धतशीर मांडणी केली. १०२७ मध्ये वांग वेई-यी याच्या देखरेखीखाली शिक्षणासाठी मानवी आकाराचे दोन ब्राँझ पुतळे घडविण्यात आले.

महाराष्ट्रात या विद्येशी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचे नाव जोडले जाते. तथापि १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील कोटणीसांचे कार्य आधुनिक शस्त्रक्रियेचे होते. त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५८ मध्ये पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा आत्मसात केली व भारतात तिचा पाया घातला. केंद्र शासनाने २००३ मध्ये तिला उपचारप्रकार म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तिच्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला.

मूल्यमापन : शवविच्छेदनात मार्गिका आढळत नाहीत. परंतु २०२१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत त्सू-सान-लीच्या जागी दिलेल्या सौम्य विद्युत्-उद्दीपनाने दाह कमी झाला. उदरावरील २५ व्या बिंदूच्या जागी तसे घडले नाही. विशिष्ट तंत्रिकांच्या अस्तित्वामुळे हा फरक पडतो, असे आढळले. माणसांतील रोगोपचाराचा पुरावा यावरून मिळत नाही. छातीवरील बिंदूंखाली फुप्फुसे असल्याने सुई खोल गेल्यास छातीच्या पोकळीत हवा शिरून जीवास धोका संभवतो. म्हणून सिद्धांताविषयी मतभेद असले, तरी सुई टोचणाऱ्यास शारीराचे ज्ञान असणे अनिवार्य आहे.