खर्जाचा शोध : तंबोऱ्यापासून बास गिटारपर्यंत

कॉलेजातली चार-पाच मुले एकत्र आली की बँड काढण्याची टूम निघते. ढोल-ताशांचे नाशिकही त्याला अपवाद नाही. दोघांकडे गिटार असते, एकाकडे ड्रम असतात, आणि मग बास गिटार विकत घ्यायचे ठरते. दुकानात चार तारांची अनेक वाद्ये टांगलेली असतात. किमतींत मोठा फरक असतो, पण रंगाखेरीज निवडीचा दुसरा निकष मुलांना ठाऊक नसतो. घरून पैसे मात्र एकदाच मिळणार असतात. अशा वेळी हे वाद्य असेच का घडले, हा इतिहास उपयोगी पडतो, असे आम्हांला वाटते. विज्ञानशिक्षकांना त्यात ध्वनीचा अख्खा धडा सापडेल.

मूळ प्रश्न जुनाच आहे. गलक्यात खालचा स्वर ऐकू कसा जाईल? नाशिक ढोलाने त्याचे एक उत्तर दिले. हा ढोल शहराचे नाव घेऊन केरळ आणि किनारी कर्नाटकातील उत्सवांपर्यंत पोहोचला आहे. त्याच्या रुंद पानावर टिपरू पडले की पुष्कळ हवा एकदम ढकलली जाते. खालचा नाद मोठ्याने ऐकू येण्यासाठी हेच लागते. पण एका ढोलातून मुख्यतः एकच नाद निघतो. गाण्याबरोबर खालचा स्वरही बदलायचा असेल तर ढोल पुरत नाही. तेथे तार लागते.

तारेचे गणित फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये मांडले. तारेची लांबी दुप्पट केली की वारंवारता निम्मी होते. लांबी तीच ठेवून स्वर निम्म्यावर आणायचा असेल, तर ताण एक चतुर्थांश करावा लागतो किंवा तार चौपट जड घ्यावी लागते. लांबी, ताण आणि वजन असे हे तीनच मार्ग आहेत.

आपल्याकडे या तिन्हींचा मेळ तंबोऱ्यात दिसतो. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे घडत आले आहेत. २०२४ मध्ये तेथील सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरजेतच गाणे शिकलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे नाशिकला पंचवटीत येऊन राहिले. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकलाच झाला. अशा गवयांमागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. ती पितळेची आणि इतर तारांहून जाड असते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा धरला, तर ही तार त्याच्या निम्म्या, म्हणजे ६९ हर्ट्झच्या स्वरात लागते. बारीक तार स्वतः फारशी हवा हलवीत नाही. तिचा कंप घोडीवाटे तबलीला आणि भोपळ्याला मिळतो, आणि रुंद तबली हवा हलवते. बैठकीला हा आवाज पुरतो, पण ढोलापुढे पुरत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बासकडे असते. हे वाद्य माणसाएवढे उंच असते. त्याचा नेहमीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. या स्वराची हवेतील तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. एवढा खालचा स्वर हवेला द्यायचा तर वाद्याची पेटी मोठीच हवी. तरीही ड्रम आणि ट्रंपेट यांच्या शेजारी बोटाने छेडलेला डबल बास दबून जाई, आणि गावोगाव नेताना त्याचे ओझे होई.

यातून सुटका केली ती विजेने. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले होते, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्यात वीज निर्माण होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पोलादी तारांजवळ चुंबक आणि वेटोळे बसवलेल्या गिटारी तयार झाल्या. या जोडणीला पिकअप म्हणतात. चुंबकाजवळची पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात त्याच वारंवारतेचा विद्युतसंकेत उमटतो. हवा हलवण्याचे काम आता स्पीकरकडे गेले आणि पोकळ पेटीची गरज संपली.

सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी त्याच दशकात पडदे असलेली, आडवी धरायची विद्युत बास बनवली, पण तिचा फारसा प्रसार झाला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि स्वतः गिटार वाजवीत नसत. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वादकसंचात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. अशा वादकांमुळे हा आवाज हिंदी चित्रपटगीतांतून घरोघरी पोहोचला.

आता दुकानात जाऊ. पहिली गोष्ट तारेची लांबी. साध्या इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची आणि साधारण २५.५ इंच लांब असते. केवळ लांबी वाढवून ४१ हर्ट्झ गाठायचे तर ५१ इंच लागतील, आणि हात पुरणार नाही. फेंडर ३४ इंचांवर थांबले आणि उरलेले काम जाड तारेवर सोपवले. गिटारची ही तार सुमारे १.१७ मिलिमीटर जाड असते, बासची सुमारे २.६७ मिलिमीटर. मर्सेन यांच्या सूत्राने हिशेब केला तर बासची तार पाचपट जड येते आणि तिचा ताण दुपटीहून अधिक निघतो. खालचा स्वर म्हणजे सैल तार, ही समजूत येथे टिकत नाही. लहान हातांसाठी ३० इंची बासही मिळते. तिच्यावर तीच तार त्याच स्वरात लावली की ताण २२ टक्क्यांनी घटतो. बोटांना ते सोपे जाते, पण सर्वांत खालची तार लुळी वाटू शकते. म्हणून तीच तार आधी वाजवून ऐकावी.

दुसरी गोष्ट पिकअप. ब्रिजजवळचे पिकअप तीक्ष्ण आवाज देते, कारण तेथे तारेचा मूळ कंप लहान असतो आणि वरचे उपस्वर तुलनेने उठून दिसतात. मानेकडचे पिकअप भरीव आवाज देते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, आणि बासच्या खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झ येतो. म्हणजे विजेची घरघर नेमकी या वाद्याच्या मुलुखात शिरते. फेंडर यांनी १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे केले. दोन्हींची वेटोळी आणि चुंबक परस्परांच्या उलट ठेवले की तारांचा संकेत टिकतो आणि घरघर आपोआप वजा होते. दुकानात आवाज पूर्ण वाढवून, तारांवर हात ठेवून नुसते ऐकावे.

तिसरी गोष्ट पडदे. बाराव्या पडद्यावर तारेला हलकेच बोट टेकवून छेडावे, मग तेथेच दाबून छेडावे. दोन्ही स्वर सारखे यायला हवेत. थोडा फरक असेल तर तो ब्रिजवरील स्क्रू फिरवून दुकानातच दुरुस्त करून घ्यावा.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते, ती म्हणजे अँप्लिफायर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की खालचा स्वर मधल्या स्वराइतकाच मोठा वाटण्यासाठी कितीतरी अधिक ऊर्जा लागते. लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वर ऐकून मूळ स्वर आपला मेंदूच पुरा करतो. म्हणून दुकानाच्या शांततेत भरीव वाटलेली बास ड्रमशेजारी हरवून जाते. सगळे पैसे वाद्यावर घालवून ते गिटारच्या छोट्या अँप्लिफायरला जोडले, तर महागडी बासही मुकी राहील आणि स्पीकर फाटण्याची भीती वेगळीच. आमचा सल्ला असा, की हाती असलेल्या रकमेतील निम्मा वाटा बासच्या अँप्लिफायरसाठी राखून ठेवावा आणि वाद्य साधेच घ्यावे.

शिक्षकांनी खरेदीआधी मुलांना प्रयोगशाळेत न्यावे. सोनोमीटरवर एक पातळ आणि एक जाड तार लावून दोन्हींचा स्वर एक करायला सांगावे. जाड तारेसाठी पारड्यात किती वजन वाढवावे लागले, ते मुलांनी स्वतः मोजावे. मग दुकानात कोणती तार आधी छेडायची, हे त्यांना सांगावे लागणार नाही.