ग्रहण : पुराण, शिल्प आणि गणित

भरदिवसा सूर्य झाकोळण्याची भीती भारतीय परंपरेने तीन मार्गांनी हाताळली. समुद्रमंथनाच्या कथेत राहू चोरून अमृत पितो, सूर्य-चंद्र त्याची चहाडी करतात आणि विष्णू त्याचे शिर उडवतो. तेच शिर पुढे त्यांना गिळते. गळ्याखाली धड नसल्याने गिळलेला सूर्य बाहेर पडतो, म्हणजे सुटकेची हमी कथेतच आहे. ओडिशातील कोणार्कच्या १३व्या शतकातील नवग्रहपटावर हाच राहू इतर ग्रहांच्या रांगेत बसलेला दिसतो. महाराष्ट्रात ग्रहणाच्या वेळी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी दीर्घकाळ ऐकू येई; ती देण्याचे काम जातींनुसार ठरलेले होते, हेही विसरता येत नाही.

आर्यभटाने ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) ग्रहणाचे कारण छाया असे सांगितले. ब्रह्मगुप्ताने मात्र ६२८ मध्ये ग्रंथप्रामाण्यासाठी राहूचा पक्ष घेतला, तरी त्याचे गणित छायेचेच होते. राहू गेला नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते त्या पातबिंदूंना राहू-केतू ही नावे चिकटली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघवा’त (१५२०) ज्या-कोज्यांशिवाय (साइन-कोसाइनशिवाय) ग्रहगणित मांडले आणि पंचांगकर्त्यांचे काम हलके केले.

ग्रहण पुढे निरीक्षणाची संधीही ठरले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन याने गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट तपासला. त्यातील पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली.