डिजिटल चलन, अनामिकता आणि तपासयंत्रणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
नाणे हातातून हातात जाते, पण पूर्वीच्या धारकाचे नाव सांगत नाही. रोख पैशाचा हा गुण संगणकीय व्यवहारात आपोआप टिकत नाही, तो हेतुपुरस्सर निर्माण करावा लागतो. त्यासाठी झालेले दोन प्रयत्न आणि अमेरिकी तपासयंत्रणेचा त्यांच्याशी आलेला संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिला प्रयत्न डेव्हिड चॉम या संगणकशास्त्रज्ञाचा होय. १९८२ साली मांडलेल्या आपल्या पद्धतीसाठी त्यांनी आतून कार्बन लावलेल्या पाकिटाची उपमा दिली. बँक पाकिटावर सही करते, ती आतील कागदावर उमटते. पण कागद कोणाचा हे बँकेला पुढे ओळखता येत नाही. १९८९ मध्ये त्यांनी 'डिजिकॅश' ही कंपनी स्थापन केली. १९९५ मध्ये सेंट लुईस येथील मार्क ट्वेन बँकेने हे चलन ग्राहकांना देऊ केले. परंतु ते स्वीकारणारे व्यापारी थोडेच होते आणि १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. अनामिकता जवळजवळ निर्दोष होती, उपयोग मात्र नव्हता.

बिटकॉइनच्या बाबतीत नेमके उलट घडले. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने मांडलेल्या या योजनेत बँकच नाही. तेच नाणे दोनदा खर्च होऊ नये म्हणून प्रत्येक व्यवहार सार्वजनिक खातेवहीत कायमचा नोंदला जातो. तीत नावे नसतात, पत्ते असतात. यास अनामिकता म्हणण्यापेक्षा टोपणनावाचा व्यवहार म्हणणे अधिक योग्य ठरेल. मे २०१० मध्ये १०,००० बिटकॉइनच्या मोबदल्यात दोन पिझ्झा मिळाले, ही त्याच्या क्रयशक्तीची प्रसिद्ध नोंद. पुढे २०११ मध्ये 'सिल्क रोड' ही प्रामुख्याने अमली पदार्थांची छुपी बाजारपेठ सुरू झाली आणि जिथे कार्ड चालत नाही अशा ठिकाणी या चलनाला खरी मागणी आली. हे अप्रिय असले तरी नोंदवणे भाग आहे. ही बाजारपेठ 'टॉर' या जाळ्याच्या आडोशाने चाले. त्या जाळ्याची मूळ कल्पना अमेरिकी नौदलाच्याच संशोधन प्रयोगशाळेतली !

खातेवही आणि तपास :
१ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका सार्वजनिक ग्रंथालयात चालक रॉस उल्ब्रिक्ट यास अटक झाली. त्याच्या नावाचा माग लागला तो कूटलेखन फोडून नव्हे. बाजारपेठेची अगदी सुरुवातीची जाहिरात आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता यांचा संबंध करविभागाच्या एका अधिकाऱ्याने साध्या इंटरनेट शोधातून जोडला. खातेवही उपयोगी पडली ती खटल्यात. बाजारपेठेच्या सर्व्हरवरून त्याच्या लॅपटॉपकडे गेलेले सुमारे ७ लाख बिटकॉइन साक्षीदाराने न्यायालयात दाखवून दिले. २०१५ मध्ये त्यास जन्मठेप झाली.

याच प्रकरणातील दुसरी घटना अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहते. तपासपथकातील दोन केंद्रीय अधिकाऱ्यांनी, कार्ल फोर्स व शॉन ब्रिजेस यांनी, स्वतःच बिटकॉइन लाटले होते. व्यवहारांचा माग काढता काढता तपास त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि २०१५ मध्ये त्यांना अनुक्रमे ७८ व ७१ महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्याविरुद्धचे आरोप उल्ब्रिक्टच्या खटल्यातील ज्यूरीपुढे आले नव्हते, ही बाब न्यायाच्या दृष्टीने गंभीर आहे. तपासयंत्रणेवर नजर ठेवण्याचे साधन म्हणून या खातेवहीचा विचार फारसा झालेला नाही; तो व्हावयास हवा. कारण पाकिटातली रोख रक्कम लाटली गेली असती, तर असा माग क्वचितच उरला असता.

मात्र तीच खातेवही सामान्य माणसाच्या औषधखरेदीलाही लागू पडते, आणि चॉम यांची मूळ चिंता हीच होती. सिल्क रोडवरून २०१२ मध्ये चोरीस गेलेले ५०,००० हून अधिक बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका घरातून जप्त झाले. काही पॉपकॉर्नच्या डब्यात लपवलेल्या छोट्या संगणकात होते. जानेवारी २०२५ मध्ये उल्ब्रिक्ट यास राष्ट्राध्यक्षांनी क्षमादान दिले. त्याच्या व्यवहारांच्या नोंदी खातेवहीत तशाच आहेत.