डोक्याला मार : पहिला सीटी स्कॅन नॉर्मल, मग दुसरा कधी काढायचा?

पनवेल : द्रुतगती मार्ग कळंबोलीतून सुटतो, गोवा महामार्ग पळस्प्यावरून कोकणाकडे वळतो. त्यामुळे डोक्याला मार लागलेला पेशंट पनवेलकरांना नवा नाही. त्यात आंब्यावरून पडलेला गडी आणि मोरीत घसरलेली आजीही आलीच. पहिला स्कॅन झाला की नातेवाईक दोन गोष्टी विचारतात: रिपोर्ट नॉर्मल असताना पुन्हा स्कॅन कशाला? किंवा, खात्रीसाठी उद्या परत काढू का?

याचं उत्तर पेशंटच्या अवस्थेवर ठरतं. स्कॅन म्हणजे त्या क्षणाचा फोटो. मार लागल्यावर तासाभरात काढलेल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही तरी तो नंतर होऊ शकतो. तरीही पेशंट पूर्ण शुद्धीत असेल, पहिला स्कॅन स्वच्छ असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू नसतील, तर केवळ खात्रीसाठी दुसरा स्कॅन सहसा लागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर विनाकारण क्ष-किरण टाळलेलेच बरे.

पहिल्याच स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मेंदूला खरचटल्याची खूण दिसली, तर गोष्ट वेगळी. असा डाग पहिल्या दिवसा-दोन दिवसांत वाढू शकतो. म्हणून बरेच डॉक्टर साधारण सहा ते चोवीस तासांत स्कॅन पुन्हा काढतात. व्हेंटिलेटरवरच्या किंवा बेशुद्ध पेशंटला बोलतं करून तपासता येत नाही, तिथे स्कॅनचाच आधार जास्त.

शुद्ध मोजायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी 1974 मध्ये ते मांडलं. पूर्ण शुद्धीला 15 गुण, कमीत कमी 3. डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायांची हालचाल यावरून गुण देतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेच्या सूत्रांनुसार गुण 15 असलेल्या पेशंटलाही पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी तपासायचं. एक गुण घसरून अर्धा तास तसाच राहिला, तरी डॉक्टरांनी तातडीने पुन्हा तपासायचं. नर्स रात्री पेशंटला सारखी उठवते म्हणून नातेवाईक चिडतात, पण त्या उठवण्यातूनच बिघाड लवकर कळतो.

डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट येणं, असंबद्ध बोलणं, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर आधीचा रिपोर्ट कितीही चांगला असो, डॉक्टर पुन्हा स्कॅन सांगतात. घरी सोडलेल्या पेशंटसोबत पहिले चोवीस तास कुणीतरी हवंच.

म्हातारी माणसं आणि वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांबाबत जास्त जपावं लागतं. कवटीखाली रक्त हळूहळू साचत जातं आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आजोबा अडखळत चालू लागतात, विसरायला लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. मागचं किरकोळ पडणं कुणाला आठवतही नाही. डॉक्टरांना ते सांगितलं तर नवा स्कॅन काढता येतो, आणि साचलेलं रक्त बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने काढता येतं.

वावंजे, मालडुंग्यासारख्या गावांतून रात्री निघायचं तर 108 ची रुग्णवाहिका मोफत मिळते. जुनी फिल्म, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत. मार किती वाजता लागला तेही कागदावर लिहून न्यावं. दुसरा स्कॅन पहिल्याशेजारी ठेवूनच वाचतात.