सामुदायिक प्रार्थना, सेवाग्राम

ठरलेल्या वेळी व स्थळी एकत्र येऊन समुदायाने केलेली ईश्वराची आराधना. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम (पूर्वीचे शेगाव) येथे महात्मा गांधी १९३६ मध्ये राहावयास आले. त्यांच्या आश्रमातील सर्वधर्मप्रार्थना हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रार्थना ही अंतःकरणाची बाब असेल, तर ती समुदायाने का करावी, या प्रश्नाला ख्रिस्ती चर्चने दिलेल्या उत्तराशी तिची तुलना उद्‌बोधक ठरते.

ख्रिस्ती मतानुसार चर्च म्हणजे मुख्यतः इमारत नव्हे, तर श्रद्धावंतांची मंडळी होय. संत पॉल तिला ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. रविवारच्या उपासनेचा हेतू त्यामुळे केवळ प्रवचन ऐकणे हा नसून प्रभुभोजनात एकाच भाकरीचे वाटेकरी होणे हाही असतो. रोटीव्यवहाराचे निर्बंध कडक असलेल्या महाराष्ट्रात नवख्रिस्ती मंडळींच्या दृष्टीने हे सहभोजन निव्वळ प्रतीक राहणे शक्य नव्हते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन ही परिचित रूपे मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजविली.

गांधीजींना ही उपासना जवळून माहीत होती. दक्षिण आफ्रिकेत ते काही काळ दर रविवारी वेस्लियन चर्चमध्ये जात. तेथील प्रवचनाच्या वेळी आपणास डुलकी येई, अशी प्रांजळ कबुली त्यांच्या आत्मचरित्रात आहे. सेवाग्रामच्या प्रार्थनेत प्रवचनापेक्षा पठण, गायन व मौन यांना महत्त्व मिळाले, हे त्या दृष्टीने लक्षणीय वाटते. गीतेतील स्थितप्रज्ञाची लक्षणे, एकादश व्रते, भजन व रामधून यांबरोबर कुराणातील आयती, पारशी व बौद्ध प्रार्थना यांचाही तीत समावेश झाला. न्यूमन या इंग्रज धर्मवेत्त्याचे १८३३ मधील स्तोत्र नरसिंहराव दिवेटिया यांच्या गुजराती रूपांतरातून आश्रमीय भजनांत आले. मूर्ती, पुरोहित वा दीक्षाविधी मात्र येथे नाही. चर्चमध्ये समान श्रद्धा व संस्कार मंडळीला बांधतात. येथे ते काम वेळेची शिस्त आणि उपस्थितांची संमती यांवर सोपविलेले होते.

या संमतीची कसोटी सेवाग्रामबाहेर लागली. एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या भंगी वसाहतीतील सभेत कुराणपठणास काहींनी हरकत घेतली, तेव्हा गांधीजींनी आयती गाळल्या नाहीत आणि हरकत घेणाऱ्यांना बळाने हटवूही दिले नाही; त्यांनी प्रार्थनाच थांबविली. गर्दीतील बहुसंख्य लोक प्रार्थनेस अनुकूल असूनही त्यांनी हा निर्णय घेतला. मते मोजून पुढे जाणारी सभा आणि एकचित्ताने बसलेला समुदाय यांतील हा भेद चर्चच्या मंडळीसही अपरिचित नाही. प्रभुभोजनापूर्वी परस्परांशी समेट करण्याची ख्रिस्ती परंपरा याच जाणिवेतून आलेली आहे.

सेवाग्राम येथे आश्रमाच्या खुल्या मैदानात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. अभ्यागतांनाही तीत बसता येते.