अमृतसरचे तंबू

'वेड' हा शब्द मराठीत मोठ्या मोकळेपणाने वावरतो. कुणाला गाण्याचे वेड असते, कुणाला पुस्तकांचे. पंढरीच्या वाटेवर तर विठ्ठलाचे वेड हे भाग्याचे लक्षण मानले जाते. परंतु हाच शब्द आजार होऊन घरी आला, की त्या घराची दारे लागतात. शरीराच्या दुखण्यात माणसे अंथरुणाभोवती गोळा होतात. मनाच्या दुखण्यात ती दूर सरतात. मानसोपचारांचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दूर सरण्याचा आणि पुन्हा जवळ येण्याचा इतिहास होय. त्यातील एक फार मोलाचे प्रकरण आपल्या देशात, पंजाबात घडले. त्याची ओळख करून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१७९३ साली फिलिप पिनेल नावाचा वैद्य पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयात रुजू झाला. तेथील मनोरुग्ण साखळदंडांत होते. त्या विभागाचा कारभार झाँ-बाप्तिस्त प्युसँ पाहत असे. हा गृहस्थ स्वतः एके काळी त्याच रुग्णालयात शारीरिक व्याधीसाठी रुग्ण म्हणून आला होता. १७९७ साली बिसेत्रमधील साखळ्या काढण्यात आल्या, त्या या प्युसँच्या हातून. श्रेय मात्र पुढे पिनेलच्या नावावर जमा झाले. याच सुमारास, १७९६ मध्ये, इंग्लंडातील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या चहाच्या व्यापाऱ्याने 'रिट्रीट' नावाचे आश्रयस्थान उघडले. तेथे रुग्णाला बागेत काम असे, शिवणकाम असे, फिरावयास जाणे असे, आणि पाहुण्यासारखे चहाला बसविणेही असे. नियमित दिनक्रम, हाताला काम आणि सभ्य वागणूक हेच तेथील औषध होते. आज ज्याला आपण 'स्वतःची काळजी' म्हणतो, त्याचा उगम असा उपचाराच्या पोटातच आहे; तो उपचाराबाहेरचा छंद नव्हे.

दुर्दैवाने पुढे एकोणिसाव्या शतकात वेडगृहे मोठी होत गेली आणि ही दृष्टी मागे पडली. हिंदुस्थानात १८५८ चा कायदा आला, तो मुख्यतः बंदोबस्ताचा. १९१२ च्या कायद्यातही रुग्णाला आत घालण्याच्या वाटेवर न्यायाधीशाची सही उभी होती. पुढे 'वेडगृह' जाऊन 'मानसिक रुग्णालय' अशी पाटी आली. परंतु भिंतीची उंची पाटीने कमी होत नाही. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा सुमारे चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा होत्या. चाळीस हजार माणसांमागे एक खाट, असे ते प्रमाण पडत होते.

या काळात दुसरीकडे एक वेगळा प्रवाह सुरू झाला होता. व्हिएन्नामध्ये फ्रॉइडने रुग्णाचे बोलणे ऐकणे हाच उपचार मानला. कलकत्त्याच्या डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी त्याच विषयाचा स्वतंत्रपणे विचार चालविला होता. १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला. १९३३ मध्ये त्यांनी कलकत्त्यात सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकारांचा विभाग सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयानेही तेच केले. पोटदुखीचा आणि मनोव्यथेचा रुग्ण एकाच दारातून आत येऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हती. तथापि तासन्‌तास ऐकून घेणारे तज्ज्ञ या विशाल देशात किती मिळणार, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर अमृतसरला मिळाले. फाळणीत लाहोरचे मोठे मनोरुग्णालय पाकिस्तानात राहिले होते. १९५० साली दोन्ही देशांनी रुग्णांची अदलाबदल केली आणि तेथील शेकडो हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आणण्यात आले. मंटो यांच्या 'टोबा टेक सिंग' या कथेमुळे ही अदलाबदल वाङ्मयात अजरामर झाली आहे. परंतु कथा जेथे संपते, त्यानंतर त्या रुग्णांची शुश्रूषा कुणीतरी करावयाचीच होती. अमृतसरच्या रुग्णालयात गर्दी होती, मनुष्यबळ अपुरे होते. त्याची सूत्रे हाती असलेल्या डॉक्टर विद्यासागर यांनी या अडचणीतूनच वाट काढली. लष्कराकडून मिळविलेले जुने तंबू त्यांनी आवारात उभारले आणि रुग्णासोबत त्याच्या नातेवाइकांना तेथे राहावयास बोलाविले.

वरवर पाहता ही केवळ सोय होती. परिचारक कमी, म्हणून घरच्यांना कामाला लावले, असे कोणीही म्हणावे. परंतु तिचे परिणाम फार दूरवर गेले. रुग्णाला परक्या भिंतीआड एकटे पडावे लागेना. आईच्या हातचे जेवण आणि ओळखीचा आवाज त्याच्याजवळ राहिला. नातेवाइकांनी उपचार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. डॉक्टर त्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत. हा कुणाचा शाप नव्हे, कुळाचा कलंक नव्हे, आणि यातून माणूस बरा होतो, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून नव्हे तर शेजारच्या तंबूतून कळत असे. रुग्ण सुधारू लागला की तो त्यांच्याबरोबरच घरी जाई. एरवी रुग्णालयात सोडलेल्या माणसाची जागा घरात हळूहळू बुजून जाते आणि बरा होऊनही त्याला परतावयास ठिकाण उरत नाही. येथे ती जागा बुजावयास अवसरच मिळत नसे. शिवाय गावी परतलेले नातेवाईक आपण होऊन इतरांना धीर देऊ लागत.

१९५७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने उघडलेल्या मानसिक आरोग्य केंद्रातही कुटुंबीयांनी रुग्णासोबत राहावयाचे, असा नियम झाला. बंगलोरच्या संस्थेनेही ही कल्पना उचलली. त्याच दशकात क्लोरप्रोमॅझिनसारखी नवी औषधे आली. त्यांनी रुग्णांची तळमळ शमविली, आणि त्यांचा हा उपकार नाकारण्याचे कारण नाही. मात्र औषध माणसाला घराच्या उंबऱ्यापर्यंत आणते. आत कुणी घ्यावयाचे, हे औषधाच्या हाती नसते.

ही शिकवण आपण विसरलो की काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा निवासाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी दगावले. बिसेत्रच्या साखळ्या निघून दोनशेहून अधिक वर्षे झाली होती.

आता अलीकडील एक उदाहरण पाहू. गोव्यातील 'संगत' या संस्थेने असा प्रश्न हाती घेतला की, ज्यांना मानसशास्त्राची पदवी नाही अशा सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन खिन्नतेच्या, म्हणजे नैराश्याच्या, आजारावर उपचार करविता येतील काय? दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. सहा ते आठ बैठका होत. समुपदेशक रुग्णाला दिवसाचा क्रम विचारी: सकाळी काय केले, कुणाशी बोललात, कशानंतर बरे वाटले, कशानंतर मन अधिक खचले? मग दोघे मिळून लहान लहान कामे ठरवीत. कामाची वेळ ठरे, आणि पुढच्या बैठकीत त्याची विचारपूस होई. तीन महिन्यांनी, नेहमीच्या देखभालीबरोबर या बैठका मिळालेल्यांपैकी १०० तील ६४ जण आजाराच्या पकडीतून सुटले होते. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होते.

या उपचारामागील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. खिन्न माणूस मन लागत नाही म्हणून काम सोडतो; काम सोडले की आनंदाचे प्रसंग कमी होतात; ते कमी झाले की मन आणखी लागेनासे होते. हे चक्र मन ताळ्यावर येण्याची वाट पाहत बसून थांबत नाही. आधी हातपाय हलवावे लागतात, मन मागाहून येते. वेळेवर झोपणे व उठणे, उन्हात थोडे चालणे, स्नान, चार घास अन्न, एखाद्या स्नेह्याला दोन ओळींचे पत्र किंवा दूरध्वनी, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु यॉर्कच्या बागेपासून गोव्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत त्यांनीच काम केले आहे.

येथे एक सावधगिरी हवी. 'मन घट्ट कर, फिरावयास जा' असे आजारी माणसास सांगून मोकळे होणे म्हणजे उपचार नव्हे. गोव्यातील रुग्णाला कुणीतरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारणारे होते. तो आपला दिनक्रम एकट्याने ओढीत नव्हता. आजार तीव्र असेल, भ्रम होत असतील, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टर आणि औषध यांना पर्याय नाही. मधुमेहाच्या रोग्याने पथ्य पाळावे, पण त्यासाठी औषध टाकू नये, तसेच हे आहे. आणि घरात राहणाऱ्या सर्वांनाच शुश्रूषा झेपते असेही नाही. शुश्रूषा करणाऱ्यालाही विसावा लागतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरविला. २०२२ पासून 'टेलिमानस' या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर देशात कोठूनही बोलता येते. तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले होते की, बहुतेक मनोविकारांत दहापैकी सात किंवा त्याहून अधिक रुग्ण उपचारांविना राहतात. ही दरी केवळ खाटांनी आणि कायद्यांनी भरून यावयाची नाही. विद्यासागरांच्या हाती पैसा नव्हता, पुरेसे लोक नव्हते. त्यांनी फक्त नातेवाइकांना फाटकाबाहेरून परत पाठविले नाही. आपल्या घरी, आपल्या आळीत कुणी मनाने आजारी असेल, तर मागच्या खोलीचे दार उघडून त्याच्याजवळ जाऊन बसणे आणि उद्याही येऊन बसणे, एवढे तर आपणा प्रत्येकास करता येण्याजोगे आहे.