भूल कुठली?

हळर्णहून दाढ काढायला निघालेला माणूस बसमध्ये दाढेपेक्षा भुलीचाच विचार जास्त करतो. खुर्चीत बसल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘भूल देणार ना?’ डॉक्टर ‘हो’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. रोग्याला वाटते, आपण झोपणार आणि दाढ गेल्याचे उठल्यावर कळणार. डॉक्टरांच्या मनात असते ती हिरडीत द्यायची, जेमतेम दोन मिलिलिटर औषधाची सुई. या दोन समजुतींमधल्या जागेत एक अख्खे शास्त्र उभे आहे. पुढची प्रकरणे विद्यार्थ्यांसाठी आहेत, तशीच त्या बसमधल्या प्रवाशासाठीही.

दोष थोडा आपल्या शब्दाचा आहे. रानात वाट चुकली तरी भूल पडते, मांत्रिकही भूल घालतो. गोव्यात तर भुलीची लेखी नोंद फार जुनी आहे. पणजीतल्या ज्या बागेत आपण शेंगदाणे खात बसतो, तिला ज्याचे नाव आहे त्या गार्सिया द ऑर्ताने १५६३ साली गोव्यातच आपला औषधींवरचा ग्रंथ छापला. धोतरा चारून माणसाला गुंगवायचे आणि दागिने लांबवायचे, हा प्रकार त्यात आला आहे. धोतऱ्यातली अॅट्रोपीन आणि हायोसीन ही द्रव्ये पुढे भूलतज्ज्ञांच्या पेटीत मापून-तोलून आली. चोराला मात्रेची फिकीर नव्हती. हे शास्त्र मात्रेपासूनच सुरू होते.

आजही बहुतेक दाढा निघतात त्या केवळ जागा बधिर करून. हे काम मुख्यतः लिग्नोकेनचे. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने ते १९४३ साली तयार केले. नसेतून वेदनेचा निरोप सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून पुढे सरकतो, लिग्नोकेन ती दारे अडवते. वेदना वाहणारे बारीक तंतू आधी गप्प होतात, दाबाची जाणीव देणारे जाड तंतू मात्र बऱ्याचदा जागे राहतात. म्हणून दाढ हलवताना ओढ कळते, करकर ऐकू येते, पण दुखत नाही. हे आधी सांगितले नाही तर रोगी ओढीलाच वेदना समजतो. माझ्या मते सुई टोचण्याआधीचे ते एक वाक्य हासुद्धा उपचारच आहे.

वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र, म्हणून तिथे दातालगतची सुई पुरते. खालच्या दाढेसाठी नस हाडात शिरते तिथे, पार मागे, औषध पोचवावे लागते. मग अर्धा ओठ आणि बहुधा अर्धी जीभही जड होते. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि औषध नसेत नीट शिरत नाही. ‘भूल चढलीच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. औषधात अॅड्रेनलिन मिसळलेले असेल तर रक्त कमी येते आणि बधिरपणा टिकतो, पण छाती क्षणभर धडधडते. हृदयाचा आजार किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधीच सांगायची.

वेदना थांबली तरी भीती उरते, आणि तिच्यासाठी गुंगी. अमेरिकेतला दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइडच्या खेळात एकाला पायाची जखम झालेली पाहिली. त्या माणसाला ती कळलीही नव्हती. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी, त्याने तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. आधुनिक भूलशास्त्राची सुरुवात अशी दाढेपाशी झाली, हे शल्यविशारद सहसा सांगत नाहीत! आजच्या यंत्रात त्या वायूसोबत किमान ३० टक्के प्राणवायू जातोच. रोगी बोलतो, तोंड उघडतो, फक्त त्याला कशाचे फारसे काही वाटत नाही. मिडॅझोलामसारखे औषध शिरेतून दिले तर नंतर आठवतही थोडेच. मात्र श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी हवी आणि घरी न्यायला सोबतीही. एकट्याने स्कूटर घेऊन आलेल्याला हे औषध देत नाहीत. आणि गुंगी दिली तरी बधिर करायची सुई चुकत नाही.

पूर्ण भूल ही वेगळीच गोष्ट. तिला भूलतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृह लागते, आधी सहा तास अन्न बंद. अगदी लहान किंवा विशेष गरजा असलेली मुले, हाडात खोल रुतलेल्या अनेक दाढा, अशांसाठी ती राखून ठेवलेली बरी. बांबोळीला १९८० साली स्थापन झालेले दंत महाविद्यालय आहे आणि शेजारीच वैद्यकीय महाविद्यालय. पेडण्या-डिचोलीच्या माणसाला तिथवरची वाट लांबची, पण अशा कामाला ती चालावी. साध्या हलत्या दाढेसाठी कोणी पूर्ण भूल मागितली तर डॉक्टरांनी नकार देण्याआधी विचारावे, भीती नेमकी कशाची? उत्तर बहुधा सुई हेच येते, आणि तिच्यासाठी हिरडीवर लावायचे बधिर करणारे जेल आहे.

शेवटचे प्रकरण घरी परतल्यानंतरचे आहे. ओठ दोन-चार तास जड राहतो, मुले गंमत म्हणून तो चावतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन परत येतात. पेज द्यायची तर निववून द्यायची. तोंड भाजले तरी तेव्हा कळत नाही.